दहा फूट वच्छला

…नाई, पन मले एक सांगा, दहा फूट बाय सहा फूट! जागा कमी पडली असं म्हनता येते काय? येवढ्या जागेत आमच्या केनवडचा बाजार बसते, कांद्यावाल्यासकट. आन खाली पाटीवर नाव कोनाचं, तं माहं. 'वच्छला'. चांगल्या छापील अक्षरात. आन वर पाहाले जावं तं मी कोठीच नाई. डोकं नाई, डोळे नाई, कान नाई, निरा माती आन चुना. तुमाले सांगतो, मले चित्रातलं काई समजत नाई, सातवी पास बाई मी, कबूल करतो, पन माहं म्हननं येवढंच हाये का, एक तोंड काढाले काय जात होतं?

तुमी म्हनान, वच्छलाबाई, तोंडाचं येवढं काय घेऊन बसल्या, मोठ्या चित्रकाराचं चित्र हाये, नाव लागलं तेच लय झालं. बरोबर हाये. दुसऱ्या कोनाचं असतं तं मी बी असंच म्हटलं असतं. पन त्या चित्रावर माह्या स्नेहाचं बाळंतपन लागलं होतं. हो, बाळंतपन. पहिलं. माही येकुलती येक पोरगी, सातवा महिना संपत आलेला, आन तिचं बाळंतपन माहेरी केनवडले होईन का सासरी रिसोडले, हे त्या दहा फुटांत माहं तोंड निघते का नाई त्याच्यावर ठरलं होतं. आता असं कोनी ठरवते काय? आमी ठरवलं. थांबा, मले मधातून सांगता येत नाई, सुरुवातीपासून सांगतो. गावात म्हनतेत का वच्छला सुरुवातीपासून सांगाले लागली का ऐकनाऱ्याले दुसऱ्यांदा भूक लागते. आमचे मालक, पुंजाजी, त्याइले दिवसातून दोनच शब्द लागतेत, 'बरं' आन 'पाहू'. त्याइचं काय.

तं ही नीलिमाबाई. मुंबईची. साठीच्या पुढची, केस पोट्ट्यासारखे कापलेले, खांद्यावर झोळी. लय मोठी चित्रकार, दूर-दूरच्या देशात तिचे चित्रं गेले म्हने. तिची आई केनवडची, म्हनून सहा वर्सांआधी ती अठी आली आन माह्या मांगच्या खोलीत राह्यली. समोरचं घर आमचं सिमेंटचं झालं, पन मांगची खोली मी मातीचीच ठेवली, उन्हाळ्यात थंड राहते. तिले तेच आवडलं. सामान काय, तं येक खुर्ची आन येक पेटी. खुर्ची टाकली भिंतीकडे तोंड करून आन बसली. पहिला दिवस बसली. दुसरा दिवस बसली. पंधरा दिवस बाई भिंत पाहून राह्यली. आता भिंत माही, मी रोज पाहतो, तिच्यात पाहासारखं काय हाये ते मले ठाऊक हाये. शेवटी मी इचारलंच, बाई, तुमी करता काय? ती म्हनते, अशी हळू, लेकरू निजलं असल्यावानी, "मी चित्रं काढते." म्हटलं, मंग काढा न. तं म्हनते, "नऊ वर्षं झाली वच्छलाताई. एकही चित्र झालं नाही. हातच उठत नाही."

हात उठत नाई! अवो, त्या साली माहा डावा खांदा धरला होता, आन मी डावखुरी, खरा हात तं माहाच उठत नव्हता, मंग मी काय खुर्ची टाकून बसली होती काय? माहा असा संताप झाला. म्हटलं, उठा. बादली दिली, पोतेरं दिलं, शेन-माती कालवून दिली, म्हटलं खोली सारवाची राह्यली, माह्यानं होत नाई, तुमी सारवा. ती माह्याकडे पाहे. म्हटलं माह्याकडे कायले पाहता, बसा उकिडव्या. आन बसली न बाई! सारवलं कसं म्हनान, तं म्हैस लोळून गेल्यावानी. म्हटलं, पुसा. पुन्हा करा. हात हलका ठेवा, बोटं मोकळे, मनगट फिरलं पायजे, कमानी उमटल्या पायजे, हे काय भाकर थापून राह्यल्या काय? तीन वेळा पुसवलं मी. मंग दुखऱ्या खांद्यानं माहं मीच चार हात सारवून दाखवलं, तं बाई माह्या हाताकडे अशी पाहे, अशी पाहे, मले वाटलं माह्या बांगड्या आवडल्या. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तं मले न इचारता अख्खं आंगन सारवून ठेवलेलं, कोपरापर्यंत हात शेनाचे, आन बाई येकटीच हसून राह्यली. आठ दिवसांनी वाशिमहून प्लायवूडच्या मोठ्या पाट्या आल्या, चुना आला, रंगाचे डबे आले, दार लागलं, आन मंग दोन वर्सं बाईचा हात काई थांबला नाई.

मधात येकदा तिनं वहीत पेन्सिलीनं मले काढलं होतं. मी सोता पाह्यलं. नाक, डोळे, हनुवटीवरचं गोंदन, सगळं जागच्या जागी. पुंजाजीले दाखवलं, ते म्हनले 'बरं'. आता वहीत येवढं चांगलं काढता येते, तं प्लायवूडवर काहून नाई काढलं? सांगा न. वहीतल्या येवढ्याशा कागदावर माहं तोंड मावलं, आन दहा फुटांत एक तोंड काढाले काय जात होतं?

असो. नीलिमाबाई ट्रक भरून चित्रं घेऊन गेली, चार वर्सं उलटली, मधात स्नेहाचं लगन झालं. रिसोडले दिली. सोयरीक चांगली, जावई चांगला, सासू तुळसाबाई, म्हंजे माही इहीन, ती बी मनानं वाईट नाई. पन तिले सगळं समजते. भाजीत मीठ किती, पोरीची वेनी किती घट्ट, सोयाबीन कवा काढाचं, सगळं. अशी उभी राहते कमरेवर हात ठेवून, मान येका बाजूले, आन म्हनते, "आमच्या रिसोडले असं नाई करत." मी म्हनतो, केनवड का दुसऱ्या देशात हाये काय? जीपनं अर्धा घंटा!

तं स्नेहाचं डोहाळजेवन होतं रिसोडले. आदल्याच दिवशी पोस्टानं कार्ड आलं, वाशिमच्या नव्या कलासंग्रहालयाचं. नीलिमाबाईचं प्रदर्शन. वर लिहेल, 'नवसर्जनाचा काळ : केनवडची दोन वर्षं', आन आत चित्रांच्या नावात पहिलंच नाव, 'वच्छला'. तुमाले सांगतो, माहे पाय जमिनीवर नव्हते. कार्ड घेतलं, रिसोडले नेलं, तीस बायाइच्या मधात काढलं. म्हटलं, माहं चित्र लागून राह्यलं. इहीनबाईनं कार्ड असं हातभर लांब धरलं आन म्हनते, "नाव तं काई बी देतेत वो. वच्छला काय येकट्या तुमीच हायेत काय? माह्या मावससासूचं नाव बी वच्छला होतं." म्हटलं, माहं तोंड हाये त्यात, नाक, डोळे, गोंदन. ती म्हनते, "पाह्यलं तुमी?" म्हटलं, पाहाचं काय, मले ठाऊक हाये.

आन तठीच बाळंतपनाची गोष्ट निघाली. ती म्हनते, पोरगी रिसोडलेच राहीन, अठी दवाखाने हायेत, केनवडले काय हाये? मी म्हटलं, केनवडले आई हाये. आता खरं सांगतो, हे म्हनताना माहा आवाज फाटला. पहिलं बाळंतपन माहेरी होते, माहं झालं, माह्या आईचं झालं, मी पाळना दुरुस्त करून ठेवला होता, अळीव आनून ठेवले होते. स्नेहा खाली मान घालून बसलेली, ती बिचारी कोनाकडून बोलन? आन इहीनबाई, तिची मान येका बाजूले झाली, मले तवाच समजलं आता काई तरी निघते. म्हनते, "बरं, असं करू. चित्रात तुमी दिसल्या तं पोरगी केनवडले न्या. नाई दिसल्या तं रिसोडलेच. मंग रडाचं नाई." तीस बाया पाहून राह्यल्या. मी म्हटलं, कोन रडते? मंजूर.

घरी आल्यावर पुंजाजीले सांगतलं. ते म्हनले, "पाहू." मी म्हटलं, पाहू काय, जिंकलो आपन.

मंग तयारी. माह्या डोक्यात असं का ओळखाले सोपं जावं. म्हनून नवी साडी ठेवली पेटीत आन सहा वर्सांआधीचं ते हिरवं लुगडं काढलं, जे नेसून मी सारवत होती, काठ फाटलेलं, शेनाचा डाग बी होता, तो मी मुद्दाम धुतला नाई. केस तसेच बांधले. जीपमधी मी, पुंजाजी, आमच्या शेजारच्या सोजरबाई, आखीन सात जनी, रिसोडहून स्नेहा आन इहीनबाई चढल्या. इहीनबाई इस्तरीच्या साडीत. मले वरून खालपर्यंत पाह्यलं आन म्हनते, "वाशिमले येऊन राह्यल्या का वावरात?" म्हटलं, तुमाले तठी समजन.

आता त्या संग्रहालयात तुमी जाऊनच आल्या असान. पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, बोललं का आवाज घुमते. आमी चपला बाहेर काढल्या, तं तो पाहारेकरी म्हनते घालून जा, इहीनबाई म्हनते आमी असं नाई करत, मंग अकरा जनी अनवानी. आत राखीमॅडम भेटल्या, पुन्याच्या, प्रदर्शन त्याइनंच लावलेलं, गळ्यात लाकडी मन्यांची माळ, म्हनल्या, "या, या, हा कालखंड आपण क्रमानं पाहू." पहिल्या खोलीत गेलो तं भिंत रिकामी. निरा रिकामी. खाली पाटी, 'नऊ वर्षे'. सोजरबाई म्हनते, अजून लावाचं राह्यलं वाटते. राखीमॅडम म्हनल्या, "हे मौन आहे." इहीनबाई माह्या कानात म्हनते, "येवढी खोली बांधली आन काई ठेवलंच नाई, ज्वारी तरी भरून ठेवाची."

दुसऱ्या खोलीत मधात काचेची पेटी, वरून दिवा सोडलेला, जसा काही राजाचा मुकुट ठेवला. आन आत काय, तं बादली. कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. बाजूले पोतेरं. अवो माही बादली! चार वर्सांपासून मी ती हुडकून राह्यली होती. घर पालथं घातलं, विहिरीत गळ टाकला, आन शेवटी… आता लपवून काय करू, शेवटी आळ घेतला सोजरबाईवर. म्हटलं कुंपनाच्या आरपार हात गेला असन. चार वर्सं आमी येकमेकीशी बोलत नव्हतो. ती येकाच जीपमधी आली, पन मी पुढच्या सीटवर आन ती मांगच्या. आन आता पाटीवर लिहेल, 'नवसर्जनाचं साधन, केनवड'. सोजरबाई त्या काचेभवती तीन चकरा मारून आली. मले म्हनते, चार वर्सांत पहिल्यांदा, "वच्छे, हे काय हाये?" म्हटलं, बादली. "कोनाची?" म्हटलं, माही. "मंग चोर कोन?" म्हटलं, सोजरबाई, घरी गेल्यावर तुह्या पाया पडतो, आता अठी राजे लोक हायेत. तिनं बादलीसोबत फोटो काढून घेतला. अजून पोरीबाळीले दाखवते.

आन मंग तिसरी खोली. दाराजवळच मी छाती काढून उभी राह्यली, पदर नीट केला, हनुवटी वर केली म्हंजे गोंदन दिसावं, आन आत गेली. बाप्पा! समोर ते. दहा फूट. मातकट, पांढरं, मधात गेरूचे, काळपट हिरवे रंग, आन कमानीच कमानी. येकीत येक. वर गेलेल्या, खाली आलेल्या. मी डाव्या बाजूनं पाह्यलं. उजव्या बाजूनं पाह्यलं. मान खाली घालून पाह्यलं. तोंड नाई.

इहीनबाई म्हनते, "बरं मंग? दाखवा."

आता काय दाखवू? म्हटलं, हे… हे पाहा, हे नाक. "ते नाक हाये? मंग ते तिकडचं काय हाये?" म्हटलं, ते बी नाक. "दोन नाकं?" म्हटलं, बाजूनं येक आन समोरून येक, मोठ्या चित्रात तसंच राहते. "आन डोळे?" म्हटलं, डोळे मिटेल हायेत. मले घाम फुटला, तुमाले सांगतो, त्या थंडगार खोलीत. पुंजाजीकडे पाह्यलं, म्हटलं सांगा न तुमी, पस्तीस वर्सं झाले तोंड पाहून राह्यले, हाये का नाई मी यात? पुंजाजीनं चित्राकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, आन म्हनले, "पाहू."

मंग मी राखीमॅडमले धरलं. म्हटलं मॅडम, तुमी शिकेल बाई, यात मी हाये न? ती म्हनते, डोळे असे मोठे करून, "तुम्ही त्या वच्छला? अहो, हे संपूर्ण चित्र म्हणजे तुम्हीच!" मी इहीनबाईकडे पाह्यलं, म्हटलं आयका. तं ती बाई थांबते काय? पुढे म्हनते, "म्हणजे पाहा, आकृती इथं मुद्दाम गाळलेली आहे. तुमचं नसणं, हेच इथलं असणं आहे." इहीनबाईनं टाळी वाजवली. म्हनते, "झालं! मॅडमनंच सांगतलं, नाई हायेत तुमी." आन बाजूच्या पाटीवर काय लिहेल, तं 'ग्रामीण स्त्रीच्या मूक श्रमातून लाभलेली प्रेरणा'. मूक! मी! पुंजाजीले इचारा मी किती मूक हाये ते. बोलून-बोलून उठवलं मी त्या बाईले खुर्चीवरून, आन म्हने मूक!

पन ते सगळं हासन्यावारी गेलं असतं हो. मी मांगे वळून पाह्यलं तं स्नेहा. पोटावर हात ठेवून बाकावर बसलेली. नुसती पाहून राह्यली. आन मले रडू आलं. म्हटलं, येवढ्या पोरीबायाइच्या देखत मी कायची मोठी सांगून राह्यली होती, जिभेले हाड नाई माह्या, त्याच्यापाई लेकीचं माहेर घालवून बसली.

तेवढ्यात नीलिमाबाई आली. हारतुरे झालेले, मांगे लोकं, कॅमेरेवाले. मले पाहून धावतच आली, गळ्यात पडली. आन मी, रडतच, सगळ्याइच्या देखत तिले इचारलं, नीलिमाबाई, तुमच्यासाठी मी काय कमी केलं, भाकरी दिल्या, ठेचा दिला, सारवन शिकवलं, एक तोंड काढाले काय जात होतं? तं ती म्हनते, "काढलं होतं वच्छलाताई. तीनदा काढलं, तीनदा पुसलं. तोंड काढलं की तुम्ही गप्प बसल्यासारख्या दिसायच्या. आणि दोन वर्षांत तुम्हाला गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नाही." मले बरं वाटलं, खोटं नाई सांगत. पन त्या बऱ्या वाटन्यानं पोरगी घरी येत होती काय?

आन इकडे इहीनबाईचा आवाज नाई. म्हटलं ही गेली कोठी. पाहतो तं ती चित्राच्या पार जवळ, नाक लावून उभी. बोटानं हवेत कमानी काढून पाहून राह्यली. पाहारेकरी म्हनते, बाई, हात नका लावू. ती म्हनते, "लावत नाई, सरका." मंग गेली खालच्या उजव्या कोपऱ्याकडे, वाकली, अन येकदम उभी राह्यली. म्हनते, "हे सारवन उलटं फिरून राह्यलं. हे डावखुऱ्या बाईचं सारवन हाये. आन हा कोपरा पाहा, वीतभर सोडेल हाये, हात पोचलाच नाई. सोयरिकीच्या वक्ती मी त्याइच्या घरी गेलती, मांगच्या खोलीत हाच कोपरा, अस्साच सोडेल होता, तवाच मी घरी म्हटलं होतं, बाई चांगली हाये, पन कोपरे सोडते. अवो, ही तं वच्छलाबाईच हाये. निरा वच्छलाबाई!"

बोलून गेली, आन मंग तिच्या ध्यानात आलं का आपन काय बोललो. सोजरबाई, माही सोजरबाई, तिनं मांगून आवाज दिला, "आयकलं काय सगळ्याइनं?" राखीमॅडम वहीत लिहूनच राह्यल्या. म्हनल्या, "एक मिनिट, त्या रिकाम्या कोपऱ्यावर आम्ही पुस्तिकेत चार पानं लिहिली आहेत." इहीनबाई म्हनते, "चार पानं? येक पोतेरं मारलं असतं तं झालं असतं."

पन ती हार कशी मानन? म्हनते, "मी सारवन ओळखलं, बाई नाई ओळखली. तुमी अठी सगळ्याइच्या देखत कबूल करा का तुमी कोपरे सोडता. मंग हे चित्र तुमचं, आन शब्द माहा."

आता पाहा, कसं अडकवलं. तुमी बाया हायेत, तुमाले समजन. सारवनात कोपरा सोडनं म्हंजे काय, ते गड्याइले नाई समजनार. माह्या सासूनं याच कोपऱ्यासाठी मले बारा वर्सं बोलून घेतलं, आन बारा वर्सं मी येकच सांगतलं, खांदा दुखते. खांदा तं सहा वर्सांआधी धरला, त्याच्या आधीचं काय? मले कंटाळा येते, खरं सांगू, कोपऱ्यापर्यंत आली का मले कंटाळा येते. पन हे मी पुंजाजीले बी कधी सांगतलं नव्हतं. आन आता समोर दहा बाया, कॅमेरेवाले, अख्खं वाशीम. मी स्नेहाकडे पाह्यलं. मंग हनुवटी वर केली आन म्हटलं, मोठ्यानं, पार रस्त्यावर जाईन येवढ्यानं, हो! सोडतो मी कोपरे! लगन होऊन आली तवापासून सोडतो!

पुंजाजी म्हनले, "मले ठाऊक होतं." चार शब्द... तीन झाले न? पस्तीस वर्सांत येवढं लांब कधी बोलले नव्हते.

लोकाइनं टाळ्या वाजवल्या, कायले वाजवल्या ते मले अजून समजलं नाई. नीलिमाबाईचे डोळे भरले. स्नेहा उठून माह्याजवळ आली आन माह्या त्या फाटक्या पदराले धरून उभी राह्यली, लहान होती तवा राहे तशी. आन इहीनबाई, तिचं येक मानलं पायजे, बाई शब्दाची पक्की. म्हनली, "शब्द म्हंजे शब्द. पोरगी केनवडले." मी म्हटलं, जय भीम इहीनबाई, जिंकलो आपन दोघी. तिनं हात जोडले, आन मंग मान येका बाजूले केली. म्हटलं, आता काय? म्हनते, "पन माह्या घरचं लेकरू असल्या कोपरे सोडलेल्या घरात मी येकटं कसं धाडू? मी बी येतो."

आली. दुसऱ्याच दिवशी आली, सोताची बादली घेऊन. घरातला येक कोपरा सोडला नाई तिनं, मांगची खोली, आंगन, पार कोंबड्याच्या खुराड्यापर्यंत सारवलं. बाळंतपन झालं चांगलं, पोरगी झाली, डोळे निरा माह्यावर. आता पोरीचं तोंड पाहून माही तक्रारच राह्यली नसती. सव्वा महिना झाला, तीन महिने झाले, जावई आले, स्नेहाले आन लेकराले घेऊन रिसोडले गेले, त्याले बी पंधरा दिवस झाले. आन इहीनबाई? इहीनबाई अठीच हाये!

काहून म्हनान, तं तुमच्यासारखे लोकं. राखीमॅडमनं पुस्तिकेत घराचा पत्ता छापला न, मंग येक दिवस आड कोनी ना कोनी येतेच, पुन्याचे, नागपूरचे, कोनी वही घेऊन, कोनी कॅमेरा घेऊन, 'वच्छला'चं घर पाहाले. तुळसाबाई दारातच उभी. इस्तरीची साडी. हातात छडी. कमान कशी फिरते, डावा हात कोठी थांबते, कोपरा कोठी सुटला होता, अन तो तिनं कसा भरला, सगळं सांगते, लोकं लिहून घेतेत, तिले मॅडम म्हनतेत. अन शेवटी कोनी इचारतेच, पन मॅडम, त्या वच्छला कुठे असतात? तं ती मांगे न पाहता म्हनते, "आत हाये, चाय मांडून राह्यली."

सांगा मंग, साखर किती टाकू?